सुन त्झू: रणांगणावर किती आणि अवतरणांत किती?

जुना_बोरू

आमच्या वाचनमंडळाने पुढील सत्रासाठी सुन त्झूच्या युद्धग्रंथाची निवड केली आहे. तेरा प्रकरणे आणि मूळ चिनीतील सुमारे ६,००० अक्षरे एवढाच त्याचा पसारा असल्याने तो एका बैठकीत वाचून होतो, परंतु वाचून झाल्यावर पडलेला प्रश्न काही सुटत नाही, म्हणून हा धागा.

हा ग्रंथ म्हणजे शत्रूला चकवण्याच्या क्लृप्त्यांचा संग्रह असावा, असा सर्वसाधारण समज असतो. युद्ध हा फसवणुकीचा मार्ग आहे असे पहिल्या प्रकरणात म्हटलेही आहे. मात्र दुसरे प्रकरण जवळजवळ सगळे खर्चाविषयी आहे. हजार रथ आणि लाखाचे सैन्य दूरवर न्यायचे तर रोजचा खर्च किती येतो, शत्रूच्या मुलुखातील एक गाडी धान्य घरून आणलेल्या वीस गाड्यांच्या तोलाचे का ठरते, आणि लांबलेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचे भले कसे झालेले नाही, हे त्यात सांगितले आहे. न लढता शत्रूला नमवणे शंभर विजयांपेक्षा श्रेष्ठ आहे, असे तिसरे प्रकरण म्हणते. बाराव्यात आगीचा हल्ला कसा करावा हे सांगता सांगता लेखक राजालाच बजावतो की रागाच्या भरात सैन्य बाहेर काढू नये, कारण राग निवळतो, पण बुडालेले राज्य परत उभे राहत नाही आणि मेलेली माणसे परत येत नाहीत.

माझा प्रश्न असा की, हे कोणी ऐकले का? या ग्रंथाच्या जोरावर खरोखर लढाया जिंकल्या गेल्या, की जिंकणाऱ्यांनी नंतर शोभेसाठी त्यातील वाक्ये वापरली? जाणकारांनी नेमकी उदाहरणे द्यावीत, ही विनंती. केवळ सुविचार नकोत.

चिंचेचे_झाड

सुविचार नकोत म्हटल्यावर निम्मा धागा आत्ताच संपला.

सह्याद्रीपुत्र

उत्तम विषय. मला हा ग्रंथ वाचताना पानोपानी गनिमी काव्याची आठवण होत होती. शत्रू बलवान असेल तर त्याला टाळा, तो बेसावध असेल तिथे घाला घाला, त्याला चिडवा, त्याला दमवा, हे सारे आपण शिवचरित्रात वाचलेले आहे. महाराजांपर्यंत हा ग्रंथ कोणत्या ना कोणत्या मार्गाने पोहोचला असावा का, यावर कोणी प्रकाश टाकावा.

पुराभिलेख

सह्याद्रीपुत्र यांच्या प्रश्नाकडे इतर कोणी वळेलच. धागालेखकाच्या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे हा ग्रंथ कोणाचा आणि कधीचा.

इ.स.पू. १०० च्या सुमारास लिहिणारा इतिहासकार सिमा छ्यान सांगतो की सुन वू, म्हणजेच आपला सुन त्झू, हा छी राज्याचा माणूस होता आणि तेरा प्रकरणे घेऊन तो वू राज्याच्या हेलू राजाकडे गेला. हेलूने इ.स.पू. ५१४ ते ४९६ या काळात राज्य केले आणि त्याच्या सैन्याने इ.स.पू. ५०६ मध्ये बलाढ्य छू राज्याची राजधानी घेतली, हे निश्चित आहे. अडचण अशी की त्या काळाची तपशीलवार हकीकत देणाऱ्या ‘झुओ झुआन’ या जुन्या इतिहासात या मोहिमेचे वर्णन आहे, सल्लागार वू झीशू आहे, पण सुन वूचे नावही नाही. शिवाय ग्रंथात लाखांची सैन्ये येतात, क्रॉसबो येतात आणि राजापासून स्वतंत्र असा व्यावसायिक सेनापती येतो. हे चित्र त्यानंतरच्या, म्हणजे ‘लढणाऱ्या राज्यांच्या’ काळाशी (इ.स.पू. पाचवे ते तिसरे शतक) अधिक जुळते. सोंग काळापासून, म्हणजे दहाव्या शतकानंतर, चिनी पंडितच सुन वूच्या लेखकत्वाबद्दल शंका घेत आले आहेत.

त्यात आणखी एक गुंता होता. सुन वूचा वंशज म्हणवला जाणारा सुन बिन हाही मोठा रणनीतिज्ञ होता आणि हान काळातील ग्रंथसूचीत वूच्या सुन त्झूची ८२ प्रकरणे आणि छीच्या सुन त्झूची, म्हणजे सुन बिनची, ८९ प्रकरणे अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. दुसरा ग्रंथ पुढे नाहीसा झाल्याने हे दोघे मुळात एकच असावेत, असे काहीजण मानू लागले. १९७२ मध्ये शांदोंग प्रांतातील लिन्यी येथे, यिनच्वेशान टेकडीवर बांधकाम चालू असताना हान काळातील दोन थडगी सापडली. त्यांत बांबूच्या जवळपास ५,००० पट्ट्या व तुकडे होते, आणि त्यांत सुन वूचा ग्रंथ आणि सुन बिनचा हरवलेला ग्रंथ असे दोन्ही शेजारी शेजारी मिळाले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हे दोन स्वतंत्र ग्रंथ होते, एवढे त्यातून सिद्ध झाले. सुन वू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. माझे स्वतःचे मत असे की एका पिढीपेक्षा अधिक काळ जमत गेलेले हे शहाणपण पुढे एका नावाखाली नीट लावले गेले असावे.

लेखाजोखा

धागालेखकाने विचारलेल्या नेमक्या प्रश्नाकडे येतो. या ग्रंथांविषयीची सर्वात जुनी आणि सर्वात टोकदार टीका चीनमधीलच आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील हान फेई हा विचारवंत तक्रार करतो की देशात प्रत्येक घरी सुन आणि वू (वू त्झू हा दुसरा युद्धग्रंथकार) यांची पुस्तके आहेत, तरी सैन्य दुबळे होत चालले आहे, कारण युद्धावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि चिलखत चढवणारे थोडे. घरोघरी असण्यात अतिशयोक्ती असेल, पण हे ग्रंथ तेव्हाच इतके लोकप्रिय झाले होते की त्यांचा कंटाळा येऊ लागला होता.

त्याच शतकात चांगपिंगची लढाई झाली, इ.स.पू. २६० मध्ये. एका बाजूला छिन, दुसऱ्या बाजूला झाओ. झाओचा अनुभवी सेनापती ल्यान पो तटबंदीआड बसून छिनच्या सैन्याला ताटकळत ठेवत होता. छिनच्या हेरांनी झाओच्या राजधानीत अफवा पसरवली की छिनला ल्यान पोची मुळीच धास्ती नाही, भीती आहे ती तरुण झाओ ख्वोची. राजाने सेनापती बदलला. हा झाओ ख्वो एका नामांकित सेनापतीचा मुलगा. युद्धग्रंथ त्याला मुखोद्गत होते आणि वादात तो बापालाही हरवत असे. बापाचे मत असे होते की युद्ध ही मरणाची जागा आहे आणि हा तिच्याविषयी फार सहजपणे बोलतो. मुलाला पाठवू नका म्हणून आईने राजाला विनवले, एका ज्येष्ठ मंत्र्यानेही विरोध केला, पण उपयोग झाला नाही. झाओ ख्वो तटबंदी सोडून हल्ल्यासाठी बाहेर पडला, छिनच्या बाय छीने त्याची रसद तोडून त्याला वेढले, तो मारला गेला आणि शरण आलेल्या सैन्याची कत्तल झाली. सिमा छ्यान झाओच्या एकूण हानीचा आकडा ४ लाखांहून अधिक देतो.

आता पाहा, या लढाईत सुन त्झूच्या शेवटच्या प्रकरणाचा, म्हणजे हेरगिरीच्या प्रकरणाचा प्रत्यक्ष वापर केला तो छिनने, आणि ग्रंथ पाठ होता तो हरणाऱ्या सेनापतीला. धागालेखकाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे मिळते.

चिंचेचे_झाड

त्यात त्साओ त्साओची भर घालतो. सुन त्झूवरील आज उपलब्ध असलेले सर्वात जुने भाष्य या सेनापतीचे आहे आणि त्यात आगीच्या हल्ल्याचे प्रकरणही आले. इ.स. २०८ च्या रेड क्लिफ्सच्या लढाईत शत्रूने आगीच्या नौका सोडून त्याचाच नौदलतळ जाळला. भाष्य आधी लिहिले की नंतर, हे विचारून त्या थोर पुरुषाला आणखी त्रास देऊ नये.

अरुंधती_क

सुन वूची जी एकमेव गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते तिचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. सिमा छ्यानने दिलेली कथा अशी आहे: राजा हेलूने परीक्षा पाहण्यासाठी राजवाड्यातील १८० स्त्रियांना कवायत शिकवण्यास सांगितले. सुन वूने त्यांच्या दोन तुकड्या केल्या आणि राजाच्या दोन आवडत्या स्त्रियांना तुकडीप्रमुख नेमले. आज्ञा दिल्यावर स्त्रिया हसल्या. पुन्हा समजावले, पुन्हा हसल्या. त्याने दोघी प्रमुखांचा शिरच्छेद केला. राजाने थांबवण्याचा निरोप पाठवला तेव्हा, सेनापतीची नेमणूक झाल्यावर राजाच्या काही आज्ञा पाळायच्या नसतात, असे उत्तर दिले. त्यानंतर उरलेल्या जणी मुकाट्याने कवायत करू लागल्या.

कथा बहुधा कल्पित असेल. तरी ‘नेतृत्वाचा आदर्श धडा’ म्हणून ती व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते तेव्हा मला प्रश्न पडतो की ऐकणाऱ्यांपैकी किती जण स्वतःला त्या दोघींच्या जागी ठेवून पाहतात. अकराव्या प्रकरणात तर सेनापतीने आपल्याच सैनिकांना बेत कळू देऊ नये, त्यांना मेंढ्यांच्या कळपासारखे इकडून तिकडे हाकावे आणि उंचावर चढवून खालची शिडी काढून घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. न लढता जिंकण्याची वाक्ये भिंतीवर लावणारे लोक हे पान का लावत नाहीत?

विजयपथ

मी व्यवस्थापन प्रशिक्षण देतो, म्हणून वरील प्रतिसादास उत्तर देणे मला भाग आहे. आम्ही सर्वजण हा ग्रंथ सुविचारांसाठी वापरतो, असे समजू नये. पहिल्या प्रकरणात पाच बाबींचा हिशेब करायला सांगितले आहे: लोकांचे राज्यकर्त्याशी एकमत, ऋतुमान, भूमी, सेनापती आणि शिस्त. मोहिमेपूर्वी पूर्वजांच्या मंदिरात बसून जो अधिक बाबींचा हिशेब करतो तो जिंकतो, असे लेखकाचे म्हणणे आहे. नवी बाजारपेठ निवडताना हा क्रम आजही उपयोगी पडतो. शिडी काढून घेण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

चिंचेचे_झाड

सल्ला न देताच कंपन्या तो अमलात आणतात, ही तर खरी रणनीती.

निवृत्त_फौजी

मी लष्करात होतो, इतकेच सांगतो. गणवेशातील माणसे हा ग्रंथ ज्या कारणासाठी वाचतात ते इथे अद्याप आलेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोणताही अधिकारी पुस्तकातील युक्ती जशीच्या तशी वापरायला जात नाही. जुनी उदाहरणे वाचायची ती, आपली परिस्थिती त्याहून कुठे वेगळी आहे, हे ओळखण्यासाठी. याचे सर्वात सुंदर उदाहरण चुलींचे आहे. इ.स.पू. ३४१ मध्ये छीचे सैन्य वेईच्या मुलुखात शिरले असता सल्लागार सुन बिनने पहिल्या दिवशी एक लाख माणसांच्या, दुसऱ्या दिवशी पन्नास हजारांच्या आणि तिसऱ्या दिवशी तीस हजारांच्या चुली मांडायला लावल्या. पाठलाग करणाऱ्या पांग जुआनने चुली मोजल्या, छीचे निम्म्याहून अधिक सैनिक पळाले असे मानले, आणि पायदळ मागे टाकून हलक्या तुकडीसह तो धावला. मालिंगच्या अरुंद वाटेत धनुर्धारी दबा धरून होते. पांग जुआन तिथे संपला. याच पांग जुआनच्या कारस्थानामुळे पूर्वी सुन बिनचे पाय कायमचे निकामी झाले होते, म्हणून ही कथा चीनमध्ये सूडकथा म्हणूनही सांगितली जाते.

पुढे सुमारे साडेचारशे वर्षांनी, नंतरच्या हान काळात, यू शू नावाचा अधिकारी थोड्या सैन्यासह छ्यांग टोळ्यांच्या तावडीतून निसटत होता. त्याने रोज चुली वाढवल्या आणि वेगाने मजल मारली. हाताखालच्यांनी विचारले की सुन बिनने चुली कमी केल्या, तुम्ही वाढवता. ग्रंथ म्हणतो की दिवसाला तीस लीपेक्षा (ली हे अंतराचे चिनी माप) जास्त चालू नये, तुम्ही जवळपास दोनशे ली चालवता, हे कसे? त्याने उत्तर दिले की सुन बिनला दुर्बल दिसायचे होते, मला बलवान दिसायचे आहे; परिस्थितीच वेगळी आहे. टोळ्यांना वाटले, वाटेत कुमक येऊन मिळते आहे, आणि त्यांनी पाठलाग आवरता घेतला.

हान शिनचेही असेच. इ.स.पू. २०४ मध्ये चिंगशिंग येथे त्याने दहा हजार माणसे नदीला पाठ करून उभी केली. पाणी पाठीशी घेऊ नये हे युद्धग्रंथांचे प्राथमिक तत्त्व असल्याने शत्रू हसला आणि छावणी सोडून तुटून पडला. पळायला जागा नसलेली माणसे जिवावर उदार होऊन लढली, तोवर हान शिनच्या दोन हजार स्वारांनी रिकाम्या छावणीवर आपले लाल ध्वज लावले. नंतर अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला की हेही ग्रंथातच आहे, तुम्ही नीट वाचले नाही: माणसांना मरणाच्या जागी टाका, म्हणजे ती जगतात.

तेव्हा लेखाजोखा यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. झाओ ख्वो हरला यात ग्रंथाचा दोष नाही. यू शू आणि हान शिन यांनीही तेच ग्रंथ वाचले होते.

लेखाजोखा

निवृत्त_फौजी यांचा प्रतिसाद उत्कृष्ट आहे, तरीही माझा आक्षेप शिल्लक राहतो. हान शिन जिंकला म्हणून त्याचे उत्तर नोंदले गेले. ‘तीन राज्यां’च्या काळात, इ.स. २२८ मध्ये, च्येथिंग येथे शू राज्याच्या मा सू या सेनानीने वाट अडवण्याऐवजी डोंगरावर तळ दिला. शत्रू वेई राज्याच्या (वर आलेले जुने वेई नव्हे) चांग होने पाण्याची वाट तोडली आणि मा सूच्या सैन्याची दाणादाण उडाली. शूचा प्रधान झुगे ल्यांग याने मा सूला मृत्युदंड दिला. पुढे ‘तीन राज्यां’च्या कादंबरीकाराने मा सूच्या तोंडी, मरणाच्या जागी टाकलेली माणसे लढतात हेच तत्त्व घातले. एकाच वाक्याने एक अमर झाला आणि दुसऱ्याची फजिती झाली. ज्या वाक्याने दोन्ही गोष्टींचे समर्थन करता येते त्याचा ‘प्रभाव’ मोजायचा कसा?

निवृत्त_फौजी

हान शिनने छावणीवर चाल करण्यासाठी दोन हजार स्वार आधीच पाठवून ठेवले होते. मा सूने पाण्याचीही सोय पाहिली नाही. फरक तिथे आहे. वाक्य दोघांनाही तितकेच उपलब्ध होते.

सह्याद्रीपुत्र

माझ्या प्रश्नाला अजून कोणी स्पर्श केलेला नाही, याची नम्र आठवण करून देतो.

पुराभिलेख

@सह्याद्रीपुत्र: महाराजांच्या काळात हा ग्रंथ आपल्याकडे वाचला जात होता, असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. युरोपीय भाषेतील त्याचे पहिले भाषांतर जेझुइट पाद्री आमियो यांनी फ्रेंचमध्ये केले आणि ते १७७२ मध्ये पॅरिसला छापले गेले. तोवर महाराजांच्या निधनाला नव्वदहून अधिक वर्षे झाली होती. सह्याद्रीत थोड्या फौजेने मोठ्या फौजेशी लढणाऱ्याला चीनमधून शिकवणी घ्यावी लागते, असे मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

तुलना करायचीच असेल तर किल्ल्यांवर करावी. सुन त्झूच्या मते तटबंदीच्या शहरावर हल्ला करणे हा सर्वात वाईट पर्याय आहे. वेढ्याची साधने तयार करण्यात तीन महिने जातात, मातीचे ढिगारे रचण्यात आणखी तीन, आणि उतावळा सेनापती एक तृतीयांश माणसे गमावूनही शहर घेऊ शकत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ असे म्हटले आहे. हा तोच हिशेब आहे, फक्त तटाच्या आतल्या बाजूने मांडलेला. जिंजीच्या वेढ्यात मुघलांची १६९० ते १६९८ अशी वर्षे गेली, हे त्याचे प्रात्यक्षिक समजावे.

अवांतर: युद्ध आणि हेरगिरी यांवरील आपल्याकडचा ग्रंथ पाहायचा असेल तर कौटिलीय अर्थशास्त्र आहेच. त्याची संशोधित आवृत्ती प्रा. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत सिद्ध केली. सुन त्झूकडे हेरांचे पाच प्रकार आहेत; कौटिल्याकडे संन्यासी, व्यापारी, गृहस्थ, विषप्रयोग करणारे असे अख्खे खाते आहे.

सह्याद्रीपुत्र

थेट संबंध नाही हे मान्य करण्यास हरकत नाही. दोन दूरच्या डोंगराळ मुलुखांत दोन माणसे एकाच निष्कर्षाला पोहोचली, हे उलट अधिक अभिमानास्पद आहे.

पुराभिलेख

वू राज्य यांगत्झीच्या मुखाजवळच्या सपाट, पाणथळ प्रदेशात होते, एवढीच दुरुस्ती.

शांघायवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षे चीनमध्ये आहे. इथे सुन त्झूचा ग्रंथ समग्र वाचलेली माणसे मला फारशी भेटली नाहीत, पण त्या परंपरेतील कथा शालेय वयापासून सगळ्यांना माहीत असतात. वर आलेला झाओ ख्वो हा ‘कागदावर युद्ध बोलणारा’ म्हणून म्हणीत जाऊन बसला आहे आणि एखाद्या बैठकीत नुसतेच तक्ते दाखवणाऱ्याला आजही त्या म्हणीचा प्रसाद मिळतो. इ.स.पू. ३५३ मध्ये वेईने झाओच्या राजधानीला वेढा घातला असता, सुन बिनने झाओच्या मदतीला न जाता वेईच्या राजधानीवरच चाल करायला लावली आणि परत धावणाऱ्या सैन्याला क्वेलिंग येथे गाठले. ‘वेईला वेढून झाओला सोडवा’ हे शब्द इथे बुद्धिबळापासून दुकानदारीपर्यंत सर्वत्र ऐकू येतात.

एक खुलासा आवश्यक वाटतो. विमानतळांवर विकली जाणारी ‘छत्तीस युक्त्यां’ची पुस्तके सुन त्झूची नव्हेत. तो संग्रह कितीतरी नंतरचा आहे.

अरुंधती_क

‘मित्रांना जवळ ठेवा, शत्रूंना त्याहून जवळ ठेवा’ हेही सुन त्झूचे नाही, ते एका अमेरिकी चित्रपटातील वाक्य आहे. नदीकाठी बसून शत्रूचे प्रेत वाहत येण्याची वाट पाहण्याचे वाक्यही तेरा प्रकरणांत कुठे सापडत नाही. कुटुंबाच्या गटावर हे लिहिल्यापासून मला तिथे शुभप्रभातसुद्धा कोणी म्हणत नाही.

लेखाजोखा

संस्थात्मक प्रभावाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. चीनमध्ये सम्राज्ञी वू झेत्यानच्या काळात, इ.स. ७०२ मध्ये, लष्करी परीक्षा सुरू झाली. इ.स. १०८० मध्ये सोंग सम्राट शेन्झोंगच्या आज्ञेने सात युद्धग्रंथांचा एक अधिकृत संच तयार करण्यात आला. त्यात सुन त्झू, वू त्झू, ताय गुंगच्या नावावरील सहा उपदेश, तांग सम्राट आणि ली वेई गुंग यांचा संवाद इत्यादी ग्रंथ होते. लष्करी परीक्षेला ते वाचावे लागत. ही परीक्षा १९०१ मध्ये बंद झाली. म्हणजे काही शतके हा ग्रंथ चीनमध्ये प्रामुख्याने पाठ्यपुस्तक होता, आणि पाठ्यपुस्तकांचे जे होते तेच त्याचे झाले.

ज्या सोंग घराण्याने हा संच सिद्ध केला त्याची राजधानी ११२७ मध्ये जुर्चेनांनी घेतली आणि उत्तरेकडील मुलूख कायमचा गेला. सोंगचे दुसरे शत्रू, पश्चिमेकडील तांगुत, यांनी तर सुन त्झूचे आपल्या भाषेत भाषांतर करून घेतले होते. खारा-खोतोच्या ओसाड शहरात रशियन संशोधक कोझलोव यांना ते १९०९ मध्ये सापडले. शत्रूला ओळखा हा उपदेश शत्रूनेच मनावर घेतला, असे म्हणावे लागते.

विजयपथ

जपानचा उल्लेख राहिला. ताकेदा शिंगेनच्या ध्वजावर सातव्या प्रकरणातील ओळी होत्या: वाऱ्यासारखे वेगवान, अरण्यासारखे निःशब्द, आगीसारखे आक्रमक, पर्वतासारखे अचल. सोळाव्या शतकातील एका सरदाराने दोन हजार वर्षांपूर्वीचे परदेशी वाक्य निशाणावर मिरवावे, याला प्रभाव नाही तर काय म्हणावे?

चिंचेचे_झाड

त्याचा मुलगा १५७५ मध्ये नागाशिनोला ओडा नोबुनागाच्या बंदुकांसमोर हरला. त्या ओळींत बंदुकीबद्दल काही नव्हते.

निवृत्त_फौजी

पाश्चात्त्य सैन्यांपर्यंत हा ग्रंथ खऱ्या अर्थाने पोहोचला तो माओमुळे, असे माझे मत आहे. नेपोलियनने आमियोचे भाषांतर वाचले होते, ही गोष्ट वारंवार छापली जाते, पण तिला आधार नाही. लायोनेल जाइल्स यांचे इंग्रजी भाषांतर १९१० मध्ये आले, तरी दोन्ही महायुद्धांच्या सेनापतींवर त्याचा ठसा शोधावा लागतो. चिनी क्रांतीनंतर आणि व्हिएतनामची लढाई चालू असताना चित्र बदलले. अमेरिकी मरीन दलातील सॅम्युअल ग्रिफिथ यांनी आधी माओंचे गनिमी युद्धावरील लेखन इंग्रजीत आणले होते. त्यांचे सुन त्झूचे भाषांतर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ च्या मरीन दलाच्या युद्धविषयक पुस्तिकेत सुन त्झू सन्मानाने हजर आहे. हरणाऱ्या बाजूने जिंकणाऱ्याचे पुस्तक वाचायला घेतले, असा हा प्रवास आहे.

शांघायवासी

माओंविषयी एक किस्सा त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेला आहे. १९३५ च्या सुमारास पक्षातील विरोधकाने त्यांच्यावर आरोप केला की तुमचे डावपेच ‘तीन राज्यां’ची कादंबरी आणि सुन त्झू यांवरून घेतलेले आहेत. माओंनी उलट विचारले की सुन त्झूच्या ग्रंथात प्रकरणे किती? आरोप करणाऱ्याला सांगता आले नाही. गंमत अशी की तोवर माओंनीही तो वाचलेला नव्हता. या आरोपानंतर त्यांनी तो मुद्दाम मिळवून वाचला. १९३६ मधील त्यांच्या लेखनात ‘शत्रूला ओळखा आणि स्वतःला ओळखा’ हे वाक्य आदराने आले आहे.

लेखाजोखा

धागालेखकाच्या मूळ प्रश्नाला याहून समर्पक उदाहरण मिळणार नाही. डावपेच आधी, ग्रंथ नंतर.

अरुंधती_क

‘न लढता जिंकणे’ हा चीनचा स्वभाव आहे आणि म्हणून चीनच्या प्रत्येक हालचालीमागे सुन त्झू आहे, असे जे दूरचित्रवाणीवर सांगितले जाते त्याबद्दल जाणकारांचे मत काय आहे?

पुराभिलेख

ॲलिस्टर आयन जॉनस्टन यांनी १९९५ च्या आपल्या अभ्यासात हाच दावा तपासला. सातही युद्धग्रंथ आणि मिंग दरबाराचे मंगोलांविषयीचे धोरण यांचा मेळ घालून त्यांनी दाखवले की न लढण्याची भाषा बऱ्याच अंशी शिष्टाचाराची होती. ताकद असेल तेव्हा मिंग राज्यकर्ते हल्ल्यालाच पसंती देत. त्यावर प्रतिवादही पुष्कळ झाला. पण चांगपिंगच्या कत्तलीचा इतिहास असलेल्या देशाला एका पुस्तकावरून अहिंसक किंवा कपटी ठरवणे हे दोन्ही आळशीपणाचे आहे.

जुना_बोरू

सर्वांचे आभार. माझ्या मनात आता असे चित्र तयार झाले आहे: ग्रंथातील युक्त्यांचा भाग सर्वांनी उचलला, तो जिंकणाऱ्यांना आणि हरणाऱ्यांना सारखाच उपलब्ध होता, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. राजांना उद्देशून लिहिलेला भाग, म्हणजे खर्च, राग आणि लांबलेले युद्ध यांविषयीचा, हा मात्र परीक्षेत पाठ केला गेला आणि दरबारात बहुधा विसरला गेला. मंडळात मी दुसरे, बारावे आणि तेरावे प्रकरण आधी वाचायला घेणार आहे. शेवटच्या प्रकरणातही सुरुवात खर्चापासूनच होते: लाखाचे सैन्य निघाले की सात लाख कुटुंबांची शेतीची कामे खोळंबतात, आणि तरीही जो राजा हेरांवर शंभर सुवर्ण खर्च करायला कचरतो त्याला लेखक निर्दय म्हणतो. या बाजूचे आणखी काही जुने साहित्य उपलब्ध आहे का?

पुराभिलेख

आहे, आणि ते यिनच्वेशानच्याच पट्ट्यांत मिळाले. तेरा प्रकरणांबाहेरचा हा एक छोटा संवाद आहे. राजा हेलू विचारतो की चिन राज्याची (वर आलेले छिन वेगळे) सूत्रे सहा सरदार घराण्यांच्या हाती आहेत, त्यांपैकी आधी कोण बुडेल? सुन त्झू उत्तरात एकाही सेनापतीचे किंवा किल्ल्याचे नाव घेत नाही. प्रत्येक घराणे शेतीचे एक माप किती पावलांचे धरते आणि कर किती घेते, हे तो सांगतो. फान आणि चुंगहांग यांचे माप सर्वात लहान, पाचवा हिस्सा कर, त्यावर पोसलेले अधिकारी पुष्कळ, म्हणून ते आधी बुडतील. त्यानंतर झी, मग हान आणि वेई. झाओ घराण्याचे माप सर्वात मोठे आणि ते कर घेत नाही, म्हणून राज्य शेवटी त्यांच्याकडे जाईल.

पहिली तीन घराणी त्याच क्रमाने बुडाली. हान आणि वेई मात्र बुडाले नाहीत. झाओसह तिघांनी इ.स.पू. ४५३ नंतर चिन राज्य आपसांत वाटून घेतले. अर्धे बरोबर आणि अर्धे चूक अशा या भाकितावरूनच काही अभ्यासक तो संवाद त्याच सुमारास लिहिला गेला असावा, असे ठरवतात.

विजयपथ

या संवादाचे इंग्रजी भाषांतर रॉजर एम्स यांच्या १९९३ च्या आवृत्तीत आहे. मंडळासाठी तेच घ्यावे. त्यात पट्ट्यांवरचा इतर मजकूरही आहे.